दिसली तेवढीच

महाराष्ट्रातल्या आकाशनिरीक्षकाच्या वाट्याला मनासारखा उल्कावर्षाव वर्षातून एकच येतो. ययातीचा वर्षाव १२-१३ ऑगस्टला असतो, तो ऐन पावसाळ्यात आपल्या ढगांच्या वर होऊन जातो. सिंहेतला नोव्हेंबरचा वर्षाव साधारण ३३ वर्षांनी भरात येतो. मधल्या वर्षांत ताशी दहा-पंधरा उल्कांवर समाधान मानावं लागतं. जानेवारीच्या तीन-चार तारखेला येणाऱ्या क्वाड्रंटिड्सचा जोर काही तासांत ओसरतो आणि ते तास आपल्या रात्रीतच पडतील असं नाही. उरतो तो मिथुनेचा, जेमिनिड्सचा. १३-१४ डिसेंबरची रात्र. परतीचा पाऊस जाऊन दोन महिने झालेले असतात, भातं कापून झालेली असतात, सातच्या पुढे काळोख गडद होतो आणि पहाटे पावणेसहापर्यंत टिकतो. आकाशाने आपल्याला दिलेली ही एक रात्र आहे आणि ती वाया घालवणं माझ्या जिवावर येतं.

म्हणून नवं कॅलेंडर घरात आलं की आमच्या गटातला प्रत्येकजण आधी डिसेंबरचं पान उलटतो. सुट्ट्या आणि सण नंतर. १३ तारखेला चंद्र केवढा आहे ते आधी. २०२४ला १४ डिसेंबरला दत्तजयंती होती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. त्या चांदण्यात ठळक उल्काच काय त्या नजरेला पडल्या. २०२३ला मात्र अमावास्या १२ डिसेंबरला होती. वर्षाव एका दिवसाने पुढे आणि चंद्र दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात मावळलेला. असा योग आला की रजेचा अर्ज ऑक्टोबरातच जातो.

पोटापाण्यासाठी मी हिशेब तपासते. शनिवारी-रविवारी आणि अमावास्येच्या आसपास आकाश बघते. आमचा गट कल्याण-डोंबिवलीचा. कोणी शिक्षक, कोणी रेल्वेत, दोन-तीन कॉलेजातली मुलं आणि निवृत्त झालेले एक काका. जेमिनिड्ससाठी आम्ही मुरबाडच्या पुढे, टोकावडे ओलांडून नाणेघाटाच्या पायथ्याकडे जातो. तिथे एका शेतकऱ्याचं खाचर आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, त्यामुळे त्या बाजूला दिव्यांचा उजेड नाही. पश्चिमेला कल्याण-भिवंडीचा पिवळट पांढरा उजेड क्षितिजापासून वर चढत येतो, आणि तो दर वर्षी थोडा जास्त वर आलेला असतो. आम्ही त्याच्याकडे डोकं करून, पाय पूर्वेकडे टाकून झोपतो.

झोपतो म्हणजे पाठीवर आडवे होतो. खाली ताडपत्री, तिच्यावर पेंढा, वर स्लीपिंग बॅग किंवा घरची जाड रजई. कानटोपी लागतेच. नाणेघाटावरच्या जुन्नरसारखी थंडी इथे नसते, पण दव फार. मध्यरात्रीनंतर रजई वरून ओली लागते आणि कागद मऊ पडतो. त्या कागदावर बॉलपेन चालत नाही, शिसपेन्सिल चालते. टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर गुंडाळलेले असतात, कारण डोळे काळोखाला पूर्ण सरावायला अर्धा तास घेतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप तो अर्धा तास मातीत घालते. मोबाइल पिशवीत. मुलींच्या घरचे फोन नऊच्या आत होऊन जातात, तशी आधीच बोली केलेली असते.

उल्कावर्षाव बघायला पुष्कळ लोक येतात आणि यावेत. आम्ही मोजायला जातो. त्या कामाचे नियम साधे आहेत, पाळायला मात्र कठीण. प्रत्येकाने एकट्याने मोजायचं. दहा जणांनी मिळून ‘दोनशे पाहिल्या’ या आकड्याला काही किंमत नाही, कारण दहा जणांचं आकाश एकाच्या आकाशाहून मोठं असतं आणि त्या दहा जणांचं पुढच्या वर्षीच्या सात जणांशी काही गणित जुळत नाही. एका माणसाने, एका दिशेला बघत, ठरलेल्या वेळात किती पाहिल्या, हे लागतं. म्हणून ओरडायचं नाही. ‘ती बघ, ती बघ’ म्हटलं की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात, आणि ज्याला ती दिसलीच नव्हती तोही तिचा शेपटीचा भाग पाहून मोजून टाकतो. नव्याने आलेल्या मुलांना हे सांगताना मला वाईट वाटतं. पहिली मोठी उल्का पाहून आवाज न काढणं हे अंगाच्या विरुद्ध आहे. मी त्यांना सांगते, पहिला तास पोटभर ओरडा, हवं तर नाचा. दुसऱ्या तासापासून काम.

नोंद कशी करायची, तर हातात छोटा रेकॉर्डर, त्यात हळू आवाजात: जेमिनिड की इतर, किती तेजस्वी, माग राहिला का. जेमिनिड ओळखायची म्हणजे तिची रेषा मनात मागे वाढवायची. ती पुनर्वसूतल्या कॅस्टरपाशी पोचली तर आपली. कल्याण स्टेशनाच्या पुलावरून पाहिलं तर समांतर रूळ लांब एका ठिकाणी मिळालेले दिसतात, तशाच या समांतर येणाऱ्या उल्का एका बिंदूतून फुटल्यासारख्या दिसतात. तो बिंदू, म्हणजे उद्गमबिंदू, कॅस्टरच्या शेजारी आहे, म्हणून नाव मिथुनेचं. तेज ताऱ्यांच्या प्रतीशी ताडून बघायचं; प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद. व्याधाएवढी असेल तर उणे दीड, ब्रह्महृदयाएवढी असेल तर शून्य, ध्रुवाएवढी असेल तर दोन. २०२३च्या त्या रात्री गुरू मेष राशीत होता, त्यामुळे उणे अडीचच्या पुढची मोजपट्टीही डोक्यावर तयार होती. दर पंधरा मिनिटांनी वेळ बोलायची. दर तासाला, ठरलेल्या ताऱ्यांच्या त्रिकोणात उघड्या डोळ्यांना किती तारे दिसतात ते मोजायचं. त्यावरून त्या वेळी आकाश किती काळं होतं ते काढता येतं.

या शेवटच्या मोजणीला नवे लोक कंटाळतात. मला विचाराल तर सगळ्या रात्रीचा पाया तीच आहे. वर्तमानपत्रांत दर डिसेंबरला ‘ताशी दीडशे उल्का’ असा मथळा येतो. तो आकडा खोटा नाही, पण तो एका आदर्श आकाशाचा आहे: उद्गमबिंदू अगदी डोक्यावर आणि साडेसहा प्रतीपर्यंतचे तारे दिसताहेत असं आकाश. आमच्या खाचरात साडेपाच प्रतीपर्यंत दिसतं. प्रत एकाने घसरली की जेमिनिड्सची संख्या सुमारे अडीच पटीने घटते. त्यात उद्गमबिंदू आपल्याकडे उगवतो पावणेआठच्या सुमारास, सव्वादहाला तो तीस अंशांवर येतो आणि तेव्हा आदर्शाच्या निम्म्याच उल्का मिळतात. मध्यरात्री तो पन्नास अंशांच्या वर असतो आणि अडीचच्या पुढे-मागे सर्वांत उंच. सगळं धरून आमच्याकडे मध्यरात्री ताशी चाळीसच्या आसपास मिळाल्या की आकाशाने आपलं वचन पुरं केलं असं समजायचं. डोंबिवलीच्या गच्चीवर, साडेतीन प्रतीच्या आकाशात, त्याच वेळी पाच-सहा मिळतील. गच्चीवर तासभर उभं राहून दोन पाहिलेला माणूस फसवलं गेल्यासारखा खाली जातो. त्याला कोणी हे गणित सांगितलेलं नसतं, आणि मला त्याच्याबद्दल मनापासून हळहळ वाटते.

संध्याकाळची पहिली उल्का मात्र कुठल्याही मोठ्या आकड्याहून मोलाची असते. उद्गमबिंदू क्षितिजाला टेकलेला असतो तेव्हा कण वातावरणाला घासून जातात आणि रेषा फार लांब उमटते. २०२३ला अशी एक सह्याद्रीच्या कड्यामागून निघाली आणि डोक्यावरून पश्चिमेच्या उजेडात शिरेपर्यंत दिसत राहिली. जेमिनिड्स तशाही सावकाश, सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर. सिंहेतल्या त्याच्या दुप्पट वेगाने येतात, आली म्हणेपर्यंत गेलेल्या असतात. जेमिनिड डोळ्याला वेळ देते. तिचा रंग पाहता येतो. बहुतेक पांढऱ्या, काही पिवळसर, क्वचित हिरवट. आणि मागे माग फारसा ठेवत नाही.

खाचराचे मालक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, जेवण आटोपून येऊन बसतात. अंगणातला दिवा आम्ही सांगायच्या आधीच बंद केलेला असतो. आकाश त्यांना आमच्याइतकंच ओळखीचं आहे, नावं वेगळी. मध्यरात्रीनंतर ईशान्येला सप्तर्षी वर यायला लागले की ‘बाज वर आली’ म्हणून घरात जातात. त्या रात्री त्यांनी विचारलं, “ताई, दर साली मोजता. मोजून काय करता?”

गटातल्या एका मुलाने त्यांना लांबलचक उत्तर द्यायला सुरुवात केली. मी मधे पडले नाही, कारण हा प्रश्न मलाही ऐकायचा होता आणि त्याचं उत्तरही.

त्याने सांगितलं ते असं. हा वर्षाव पहिल्यांदा नोंदला गेला १८६२ साली, इंग्लंडात आणि अमेरिकेत. तेव्हा ताशी वीसभर उल्का असायच्या. विसाव्या शतकात तो वाढत गेला आणि आज तो वर्षातला सर्वांत भरवशाचा वर्षाव आहे. इतर बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे. याचा धूमकेतू शंभराहून अधिक वर्षं कोणाला सापडला नाही. ११ ऑक्टोबर १९८३ला आयरास या अवरक्त दुर्बिणीच्या नोंदींत सायमन ग्रीन आणि जॉन डेव्हिस यांना एक हलता ठिपका मिळाला, आणि फ्रेड व्हिपल यांनी लगेच दाखवून दिलं की त्याची कक्षा जेमिनिड्सच्या कक्षेशी जुळते. तो फेथॉन. धूमकेतू नव्हे, पाच-सहा किलोमीटर व्यासाचा खडक. दीड वर्षाच्या आतच सूर्याला फेरी मारतो आणि दर फेरीत बुधाच्याही आत, पृथ्वी-सूर्य अंतराच्या चौदा टक्क्यांपर्यंत जातो. तिथल्या तापाने दगडही तडकतो. म्हणून त्यातून इतकी धूळ निघत असावी असं बरीच वर्षं मानलं जात होतं. सूर्याजवळ असताना त्याला शेपटी फुटलेली दिसली तेव्हा कोडं सुटलं असं वाटलं. २०२३ साली लक्षात आलं की ती शेपटी धुळीची नाही, सोडियमच्या वायूची आहे. म्हणजे आज आपण ज्या कणांकडे बघतो आहोत तेवढा ऐवज फेथॉनमधून कधी आणि कसा बाहेर पडला, हे अजून नीट कळलेलं नाही. एखादा जुना, जोराचा आघात किंवा फूट असावी, असा एक कयास आहे.

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तुमच्या मोजण्यानं ते कळंल?”

प्रश्न बरोबर होता. एकट्या आमच्या मोजण्याने नाही कळणार. पण या कणांचा पट्टा किती रुंद आहे, त्यात बारीक कण कुठे आणि मोठे कुठे, तो वर्षागणिक सरकतो आहे का, हे पृथ्वी त्या पट्ट्यातून जाताना तासातासाला कोणीतरी मोजल्याशिवाय कळत नाही. मंद उल्का आधी भरात येतात आणि ठळक उल्का काही तासांनी, हे लोकांनी रात्रीमागून रात्री तेज लिहून ठेवलं म्हणून दिसलं. १९८८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या या नोंदी एकाच पद्धतीने गोळा करते. कॅमेरे आणि रडार आले तरी डोळ्यांनी केलेली मोजणी थांबवलेली नाही, कारण जुन्या नोंदींशी तुलना करायची तर मोजमाप तेच हवं.

आणि यात आपली एक खास जागा आहे. वर्षावाचा आलेख चोवीस तासांचा असतो. जपानात उजाडायला आलं आणि युरोपात रात्र नुकतीच पडली, अशा तासांत आपल्या रेखांशावर मध्यरात्र असते. युरोप-अमेरिकेतून नोंदी भरपूर जातात, इथून थोड्या. आपण झोपलो तर आलेखाचा तो तुकडा विरळ राहतो. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून, जी १९४४पासून चालू आहे, मुंबईच्या खगोल मंडळापर्यंत महाराष्ट्रात हौशी निरीक्षकांची चांगली परंपरा आहे. आकाश दाखवणारे आपल्याकडे पुष्कळ तयार झाले. लिहून ठेवणारे त्या मानाने कमी, आणि हे मला मनापासून खुपतं.

दादा बाज वर आल्यावर गेले. आम्ही मोजत राहिलो.

मध्यरात्र ते तीन हा खरा वेळ. बोलणं थांबतं. कुठेतरी एखादा रेकॉर्डर कुजबुजतो, ‘जेम, दोन’, ‘जेम, साडेतीन’, ‘इतर, एक’. उल्का एकसारख्या अंतराने येत नाहीत. चार-पाच मिनिटं आकाश तसंच राहतं आणि मग एका श्वासात तीन. पहिल्यांदा आलेल्यांना वाटतं, आता लाट आली, आता वाढत जाणार. तसं काही नसतं. यदृच्छेने पडणाऱ्या गोष्टी अशाच गटागटाने पडलेल्या दिसतात. पण ती चार-पाच मिनिटं कठीण. डोळे रिकामं आकाश सहन करत नाहीत. मंद ताऱ्यांच्या गर्दीत, नजरेच्या काठावर काहीतरी हललं असं वाटतं. साडेचार प्रतीची एक, सारथीच्या बाजूला. दिसली की वाटली?

आमचा नियम आहे: वाटली असेल तर लिहायची नाही. आणि उलटही: ढगाने अर्धं आकाश झाकलं तर ते लिहायचं, डुलकी लागली तर तेवढी मिनिटं वजा करायची, चहा ओतताना मान खाली गेली तर तीही. पंधरा मिनिटांत शून्य आल्या तर शून्य. हिशेब तपासण्याच्या माझ्या कामात वर्षानुवर्षं हेच बघत आले. आकडा मोठा केल्याने कोणाचं लगेच काही बिघडत नाही, आणि म्हणूनच तो करावासा वाटतो. आकाशात तर तपासायला मागून कोणी येणारही नसतं. ती उल्का मुगाच्या दाण्याएवढा नाहीतर त्याहूनही बारीक खडा होता, ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवर जळाला आणि संपला. साक्षीला मी एकटी. या कामातली सगळी प्रतिष्ठा त्या एकटेपणात आहे असं मला वाटतं. वर दिसलं तेवढंच खाली कागदावर येणार, एक कमी नाही, एक जास्त नाही.

त्या रात्री कॉलेजातली एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. तासाचा कागद भरताना तिचे आकडे बाकीच्यांच्या मानाने कमी आले. पेन्सिल हातात धरून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, “ताई, सगळ्यांना बत्तीस-पस्तीस आहेत. मला एकवीसच.” मी तिला विचारलं, “एकवीस नक्की पाहिल्यास?” “हो.” “मग एकवीस.” आमच्या काकांना तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सगळ्यांत कमी दिसायच्या आणि त्यांनी त्या वर्षीही नोंद पाठवली होती. प्रत्येकाचे डोळे वेगळे असतात, त्याचंही गणित मांडता येतं. खोट्या आकड्याचं मांडता येत नाही. तिने एकवीस लिहिलं. मला त्या रात्रीतलं ते सर्वांत चांगलं निरीक्षण वाटतं.

पहाटे मघा आणि सिंह डोक्याकडे सरकतात, पूर्वेला स्वाती आणि चित्रा वर येतात. दवाने अंग जड होतं. दादांच्या घरात चूल पेटते. मग गुळाचा चहा, रेकॉर्डर ऐकत ऐकत कागद भरणं आणि कल्याणकडे जाणारी पहिली एसटी.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती तुमच्यासाठी आहे. त्या खाचराजवळच्या वाटेवर आता पांढरे एलईडी दिवे लागले आहेत. गावाला उजेड हवा, याबद्दल वाद नाही. अंधारात साप-विंचवांतून चालणाऱ्याला आम्ही काय सांगणार! पण दिव्यावर टोपण असलं आणि प्रकाश खाली रस्त्यावरच पडला तर रस्ता जास्त उजळतो आणि आकाश वाचतं. खर्चही फारसा नाही. तुमच्या सोसायटीत, ग्रामपंचायतीत, शाळेच्या आवारात नवा दिवा लागणार असेल तर एवढं नक्की सांगा.

आणि एक रात्र द्या. २०२६ला अमावास्या ९ डिसेंबरच्या पहाटे संपते. १३ तारखेला चार-पाच दिवसांची कोर रात्री दहाच्या आसपास मावळेल आणि पुढची सगळी रात्र काळी मिळेल. दुर्बीण लागत नाही. शहरापासून जमेल तेवढं लांब जा, अर्धा तास डोळ्यांना द्या, कॅस्टरकडे टक लावून न बघता त्याच्यापासून दोन-तीन वितींवर, निम्म्याहून उंच आकाशात नजर ठेवा. अकरा ते बारा, एकच तास. वेळ, जागा, दिसलेले मंद तारे आणि उल्कांची संख्या लिहा. मुलं बरोबर असतील तर त्यांना त्यांचा वेगळा कागद द्या, आणि त्यांचा आकडा तुमच्याहून कमी-जास्त आला तर तो बदलू नका.